सगळ्यात वरची लेयर

मराठी माणसाला रिकामी जागा बघवत नाही. फ्रिजच्या माथ्यावर जागा दिसली की तिथे औषधांचा डबा जातो, जिन्याखाली दिसली की मोडकी सायकल जाते. पोस्टकार्डांच्या काळात पत्त्याच्या बाजूला बोटभर पट्टी उरली, तर तिथे "ता. क. दादाला नोकरी लागली" एवढी मोठी बातमी आडवी घातली जायची. अशा समाजाला ग्राफिक डिझाइन शिकवायला निघालेल्या माणसाच्या धैर्याला आधी दाद द्यायला हवी. कारण या विद्येचा पहिला धडाच मुळी "मोकळी जागा सोडा" असा आहे.

आमच्या ऑनलाइन हौशी कार्यशाळेत सरांनी हा धडा द्यायला घेतला, तेव्हा पडद्यावर एक परदेशी पोस्टर दाखवलं. पांढरंशुभ्र पान आणि उजव्या कोपऱ्यात खाली एक लहानशी लाल खुर्ची. बस्स. सर भारावून गप्प झाले. आम्हीही गप्प राहिलो. थोड्या वेळाने बँकेतून निवृत्त झालेले काका काळजीने म्हणाले, "सर, माझं नेट स्लो आहे का हो? बाकीचं अजून आलंच नाही."

ही कार्यशाळा शनिवार-रविवारी रात्री नऊला, जेवणं आटोपली की भरायची. सर वयाने पंचविशीच्या आसपास, आणि विद्यार्थी बहुतेक त्यांच्या आईवडिलांच्या वयाचे. त्यामुळे ते आम्हाला काका-काकू म्हणायचे, आम्ही त्यांना सर म्हणायचो आणि तास सुरू होण्याआधी "सर, जेवलात का?" असं दटावूनही विचारायचो. बँकवाले काका पुण्याचे. येवल्याच्या एक काकू होत्या. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका स्वतःच्या हाताने करायची, हा त्यांचा पण होता. सांगलीकडचे एक फ्लेक्सवाले दादा होते. त्यांच्या मुलीने परस्पर त्यांचा फॉर्म भरला होता. शिवाय न्यू जर्सीहून एक गृहस्थ यायचे. त्यांना तिथल्या गणेशोत्सवाची पोस्टरं करायची होती. आमची रात्र असायची तेव्हा त्यांची सकाळ, त्यामुळे ते आमच्यासमोर पोहे खात शिकत. "म्यूट करा", "आवाज येतोय का", मागे वाजणारी कुकरची शिट्टी वगैरे सगळं यथासांग होतंच. पण त्यावर करोनाच्या काळात इतकं लिहून झालं आहे की आता ते गृहीत धरावं.

सॉफ्टवेअर निवडतानाच सरांनी समाजमन ओळखलं होतं. फोटोशॉपचं भाडं भरत राहावं लागतं, आणि मराठी माणूस घराला हप्ते लावतो, गाडीला लावतो, पण हौसेला लावत नाही. म्हणून त्यांनी गिम्प निवडलं. ते फुकट आहे आणि कायदेशीररीत्या फुकट आहे. यातली दुसरी गोष्ट ऐकून काहीजणांचा थोडा विरस झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीच्या आवारात शिकणाऱ्या स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते लिहायला घेतलं आणि पुढे जगाला देऊन टाकलं, असं सरांनी सांगितलं. त्यावर येवल्याच्या काकूंनी विचारलं, "त्यांच्या आईवडिलांनी काही म्हटलं नाही?"

गिम्पमध्ये काम नुसतं सेव्ह केलं तर एक्ससीएफ जातीची फाइल तयार होते. हे नाव त्या दोघांच्या विद्यार्थी क्लबावरून आलेलं आहे. ही फाइल सर्वसामान्य मोबाइलवर उघडत नाही. दुसऱ्याला दाखवायची तर ती 'एक्सपोर्ट' करून तिची जेपीजी करावी लागते. सर हे दर तासाला सांगत, आणि दर तासानंतर काही उत्साही मंडळी आपली एक्ससीएफ थेट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत. नातेवाइकांनी त्या फायली न उघडताच "अप्रतिम!", "हात धरणारं कोणी नाही!" अशी उत्तरं धाडली. एका मावशींनी तर "रंगसंगती विशेष आवडली" असंही कळवलं.

मोकळ्या जागेच्या मुद्द्यावर खरा वाद घातला तो फ्लेक्सवाल्या दादांनी. एरवी ते फारसे बोलत नसत. सर एखादी गोष्ट समजावून सांगेपर्यंत दादांनी ती करून, छापून, खांबाला बांधून टाकली असती, असा त्यांचा हात. पण लाल खुर्ची बघून त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, "सर, आमच्याकडं चौरस फुटावर पैसं घेत्यात. मोकळी जागा सोडली की गिऱ्हाईक म्हणतंय, तेवढ्या जागंचं पैसं कमी करा. आता मोकळा फ्लेक्स काय फुकट मिळतोय व्हय?"

या युक्तिवादापुढे स्वित्झर्लंडपासून जपानपर्यंतचं सगळं डिझाइनशास्त्र निरुत्तर झालं. सरांनी बाजू सावरायला कमल शेडगे यांचं उदाहरण दिलं. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती आठवा, ते म्हणाले. नाटकाचं नावच असं लिहिलेलं असायचं की चित्र लागायचं नाही. अक्षर बघूनच कळायचं की हसायचंय की रुमाल न्यायचाय. त्यावर बँकवाल्या काकांनी चष्मा सारखा केला आणि हिशेबी मुद्दा काढला, की वर्तमानपत्रात जाहिरातीचा दर कॉलम सेंटिमीटरवर असतो आणि तो चांगलाच झोंबतो. नाटकवाल्याला परवडायची ती दोन बोटं जागा, म्हणून त्यात एकच नाव मावायचं आणि ते देखणं असावं लागायचं. फ्लेक्स आला आणि जागा स्वस्त झाली. जागा महाग होती तेव्हा अक्षर एकटं उभं राहायचं. स्वस्त झाल्यावर गर्दी झाली. कार्यशाळेतलं हे सगळ्यात मौलिक वाक्य कर्ज विभागात हयात घालवलेल्या माणसाने उच्चारलं, हे नोंदवून ठेवतो.

दुसरा धडा नजरेच्या उतरंडीचा होता. बघणाऱ्याची नजर आधी कुठे जावी, मग कुठे आणि शेवटी कुठे, हे डिझायनरने ठरवायचं, असं सर म्हणाले. दादा म्हणाले, "आमच्यात ते तालुकाध्यक्ष ठरवत्यात."

मग तासभर सर विद्यार्थी झाले आणि दादा सर. वाढदिवसाच्या फ्लेक्सचं शास्त्र त्यांनी उलगडून दाखवलं. मधोमध उत्सवमूर्ती, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल. आपल्याच वाढदिवशी हा माणूस कुणाशी बोलतोय, हे विचारायचं नसतं. मागे वाघ किंवा सूर्योदय, सढळ गिऱ्हाईक असेल तर दोन्ही. वरच्या ओळीत गोलात नेते. त्यात राज्यपातळीचा गोल मोठा, जिल्हापातळीचा त्याहून लहान. गोलाचा व्यास अर्ध्या इंचाने चुकला तर फ्लेक्स रात्रीत उतरवावा लागतो. खालच्या ओळीत शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. इथे वर्गणीप्रमाणे क्रम असतो, पण वर्गणी दिसता कामा नये. २०२२ च्या जूनमध्ये एक पक्ष फुटला आणि २०२३ च्या जुलैत दुसरा फुटला, तेव्हा राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना लेख लिहावे लागले. दादांना मात्र कॉम्प्युटरवरचे सगळे फोल्डर नव्याने लावावे लागले. कुठला गोल आता कुठल्या गोलाशेजारी चालतो, याचा एक तक्ताच त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. हे सगळं ते कोरलड्रॉवर करतात. कॅनडातल्या ओटावा शहरात १९८९ साली कोरलड्रॉ निघालं, तेव्हा त्याच्या कर्त्यांना मिरज-सांगली रस्त्यावरचे हे उपयोग सुचले असणं कठीण आहे.

शिवाय गिऱ्हाईक दादांच्या खुर्चीमागे उभं असतं. जगातले डिझायनर आपलं काम ईमेलने पाठवतात आणि दोन दिवसांनी अभिप्राय येतो. दादांच्या मानेवर अभिप्रायाचा श्वास पडत असतो. "साहेबांना जरा गोरं करा", "नाव अजून मोठं", "अजून", "आता साहेबांपेक्षा मोठं झालं, जरा कमी". सरांनी विचारलं, "मग दादा, डिझाइन पूर्ण झालं हे कसं ठरतं?" दादा म्हणाले, "लाइट गेली की."

रंगांच्या धड्याला येवल्याच्या काकूंनी वर्ग ताब्यात घेतला. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन दिव्यांच्या मिश्रणातून होतो. प्रत्येक दिव्याच्या २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ रंग, असं सरांनी अभिमानाने सांगितलं. काकूंना त्यात आमसुली सापडेना. ज्या बाईचं आयुष्य पैठणीच्या गावात गेलं, तिला आकड्यांनी रंग विचारणं हा तसा अगोचरपणाच. काकूंकडे चिंतामणी होता, मोरपंखी होता, अबोली, गुलबक्षी, श्रीखंडी, शेवाळी, डाळिंबी होता, आणि प्रत्येकाची फिकी आणि भरलेली अशी दोन रूपं होती. "काकू, कोड टाका ना," सर म्हणाले. "थांबा, दाखवतेच," म्हणत काकूंनी कपाटातून साडी काढून कॅमेऱ्यासमोर धरली. कॅमेऱ्याने आपल्या मताने उजेड सारखा केला आणि आमसुली साडी आम्हा सगळ्यांना विटकरी दिसली. न्यू जर्सीकडे ती किरमिजी पोचली. मग काकूंनी आकड्यांच्या तिन्ही पट्ट्या डोळे बारीक करून, मिठाचा अंदाज घ्यावा तशा, इकडून तिकडे सरकवल्या आणि नेमका आमसुली पकडला. सरांनी कोड लिहून घेतला.

छपाईचा मामला याहून वेगळा. पडदा उजेडाने रंग करतो आणि छापखाना शाईने, म्हणून निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया एकावर एक चढतात. पडद्यावर झगमगणारे कित्येक रंग शाईत येतच नाहीत. न्यू जर्सीच्या गृहस्थांनी गणपतीमागे केलेलं राणी रंगाचं मखर छापून आलं तेव्हा त्यांना धक्का बसला. दादांना अजिबात नाही. "रानी कलर मशीनवर मरतोयच," त्यांनी सांत्वन केलं, "आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, उन्हात बांधल्यावर उठंल." शिवाय अमेरिकेत कागदही वेगळा. आपण सारे ए-फोरवाले, २१० बाय २९७ मिलिमीटरचे. त्यांचा लेटर साइझ साडेआठ बाय अकरा इंचांचा, म्हणजे थोडा रुंद आणि थोडा बुटका. भारतातून फुकट मिळालेला सुबक गणपती तिथल्या कागदावर बसवताना एक तर मुकुट कापला जायचा नाही तर उंदीर. मंडळाची बैठक बसली. बहुमत उंदराच्या विरोधात गेलं.

अक्षरांच्या धड्यात डीटीपीचं युग आडवं आलं. काकूंच्या दिरांनी पत्रिकेचा मजकूर ओळखीच्या छापखान्यातून टाइप करून आणला होता आणि तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टात होता. असा फॉन्ट म्हणजे आतून इंग्रजी अक्षरं आणि वरून मराठीचा मुखवटा. मुखवटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला की आतलं दिसायला लागतं. त्यामुळे "आमच्या येथे श्रीकृपेकरून" या मंगल शब्दांच्या जागी पडद्यावर कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं अवतरली. काकू म्हणाल्या, "भाऊजी रागावून बोलतात तेव्हा असंच ऐकू येतं."

युनिकोडमध्ये नव्याने टाइप केल्यावर अक्षरं उमटली. काही सॉफ्टवेअरांत भारतीय लिप्यांसाठीची सेटिंग शोधून चालू करावी लागते, नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन उभी राहते आणि जोडाक्षराचा पाय मोडतो. गिम्प याबाबतीत वळणाचं आहे. तिथे जोडाक्षरं नांदतात. मग फॉन्ट कुठला घ्यायचा यावर चर्चा. सरकारी पत्रांतून ओळखीचा झालेला मंगल हा र. कृ. जोशी या कवी-सुलेखनकारांनी घडवला, हे ऐकून बँकवाल्या काकांना गहिवरून आलं. त्या फॉन्टात त्यांना आयुष्यभर फक्त परिपत्रकं आली होती. मुंबईच्या 'एक टाइप' मंडळींचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट फुकट आहेत म्हटल्यावर सगळ्यांनी तात्काळ उतरवून घेतले. बलूची गंमत अशी, की देवनागरीत तो नुसता बलू. गुजरातीत गेला की बलू भाई, बंगालीत बलू दा, पंजाबीत बलू पाजी, तमिळमध्ये बलू तंबी आणि मल्याळममध्ये बलू चेट्टन. एका पत्रिकेत दोनच फॉन्ट वापरा, असा सरांचा नियम होता. काकूंनी दोन्ही घराण्यांना दोन-दोन, देवाला एक, मुहूर्ताला एक आणि जेवणाला एक असे वापरले. म्हणजे नियम पाळलाच, फक्त माणशी पाळला.

त्यानंतर आली बेझिए वक्ररेषा. पिएर बेझिए हे फ्रान्समधल्या रेनॉ कंपनीतले इंजिनिअर. मोटारीच्या अंगाचा बाक गणितात पकडण्यासाठी त्यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. दोन बिंदू घ्यायचे, प्रत्येकाला एकेक दांडी, आणि दांडी ओढाल तशी रेषा वळते. न्यू जर्सीच्या गृहस्थांनी इंजिनिअरिंगमध्ये हे गणित सोडवलं होतं, त्यामुळे त्यांची रेषा काही केल्या वळेना. काकूंनी दोन बिंदूंत कोयरी काढली, टोकाला बाक दिला आणि विचारलं, "आत बुट्टी भरू का?" फ्रेंच मोटारीच्या बॉनेटवर पैठणीची कोयरी इतक्या सहज बसलेली पाहून सरांनी माउस सोडला.

फोटो दुरुस्त करण्याच्या तासाला सरांनी एक कथा सांगितली. फोटोशॉप बनवणाऱ्या टॉमस आणि जॉन या नोल बंधूंपैकी जॉन यांनी आपल्या होणाऱ्या पत्नीचा एक पाठमोरा फोटो बोरा बोरा बेटाच्या किनाऱ्यावर काढला होता. १९९० साली फोटोशॉप बाजारात आलं; त्याआधी ते लोकांना दाखवताना याच फोटोत फेरफार करून दाखवत. म्हणजे या विद्येने पहिला हात घातला तो घरच्याच माणसावर. ती परंपरा बँकवाल्या काकांनी पुढे चालवली. त्यांना त्यांच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, एकुलता एक फोटो दुरुस्त करायचा होता. बुरशीचे डाग, घडीची रेघ, एका कानावर पाणी. काकांनी 'हील' नावाच्या अवजाराने एकेक डाग टिपला. फोटो लख्ख झाला आणि घरात वादळ उठलं. बहीण म्हणाली, अण्णांच्या गालावरचा तीळ कुठे गेला? भाऊ म्हणाला, तीळ उजव्या गालावर होता, आणि मुळात तो तीळ नव्हताच, शाई होती. चुलत्यांनी फोन करून तिसऱ्याच गालाचा आग्रह धरला. शेवटी मत मागवलं गेलं ते फ्लेक्सवाल्या दादांचं. दादांनी नुसता फोटो मागवला आणि दहा मिनिटांत परत पाठवला. तीळ होता की नव्हता हा प्रश्नच उरला नाही, कारण अण्णांना निळा कोट आणि लाल टाय चढला होता. "पासपोर्टचं फोल्डर हाय आमच्याकडं," दादांनी खुलासा केला. हयातीत धोतराशिवाय काही न नेसलेले अण्णा त्या कोटात इतके रुबाबदार दिसत होते, की सगळ्या भावंडांनी एकमताने तोच फोटो फ्रेम केला. बहीण तर आता पाहुण्यांना सांगते, "अण्णांना टायची फार हौस."

इतकं सगळं होईपर्यंत एक गोष्ट माझ्या नीट ध्यानात आली. हात, डोळा, रंग, रेषा यांत आपले लोक कुठे अडत नाहीत. गिम्पची अवजारं पंधरवड्यात हाताखाली येतात. अडतं ते एकाच ठिकाणी, आणि ते कुठल्याच मेन्यूत नाही: कोण वर आणि कोण खाली. ही गाठ सुटली ती लेयरच्या तासाला.

चित्र एकसंध दिसलं तरी ते एकावर एक रचलेल्या पारदर्शक थरांचं असतं; मजकूर एका थरावर, फोटो दुसऱ्या, नक्षी तिसऱ्या. थर वरखाली करता येतात आणि एकाला हात लावला तर बाकीच्यांना कळतही नाही. फोटोशॉपला ही सोय १९९४ साली मिळाली, असं सर म्हणाले. बँकवाले काका तयारच होते. "बरोबर शंभर वर्षं आधी," ते म्हणाले, "१८९४ साली राजा रविवर्म्याने छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळक्यांनीही तिथं काम केलंय. त्या छापखान्यात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असायचा. लक्ष्मीची साडी एका दगडावर, कमळ दुसऱ्या दगडावर. तोच कागद एकेका दगडावरून काढायचा. एक दगड केसभर सरकला की लक्ष्मीचे ओठ गालावर." सरांना हे ठाऊक नव्हतं. काकूंचं मात्र लक्ष दुसरीकडे होतं. त्या पडद्यावरचं डोळ्याचं चिन्ह न्याहाळत होत्या.

प्रत्येक लेयरच्या डावीकडे एक छोटा डोळा असतो. तो मिटला की ती लेयर चित्रातून अदृश्य होते.

"सर, डोळा मिटला की ती बाई... म्हणजे ती लेयर जाते?"

"जात नाही काकू. असते. फक्त दिसत नाही."

"आणि तिला कळत नाही?"

काकूंची अडचण समजायला त्यांच्या पत्रिकेचा आशय समजला पाहिजे. मुलाला दोन आत्या. मोठी आत्या वयाने मोठी आणि धाकट्या आत्याचे यजमान हुद्द्याने मोठे. मोठीचं नाव आधी घातलं तर धाकटे जावई लग्नात फक्त अक्षता टाकायला येणार. धाकटीचं घातलं तर मोठी येणारच नाही, शिवाय न येण्याचं कारण गावभर सांगणार. दोन मामांपैकी एकाशी तेराव्याच्या जेवणापासून बोलणं बंद. 'किलबिल' या सदरात बारा नातवंडं, आणि त्यातल्या एकाने यंदा बारावीला नव्वदच्या वर टक्के घेतल्याने त्याला किलबिलीतून काढून निमंत्रकांत बढती द्या, अशी त्याच्या आईची मागणी. पत्रिका कागदावर छापायची म्हणजे या सगळ्यांना एकाच क्रमात, एकाच वेळी, कायमचं बसवायचं. पूर्वीच्या पिढीत घरचा कर्ता पुरुष हे ओझं उचलायचा आणि त्यापायी काही घरांतला अबोला नातवंडांपर्यंत पोचायचा.

काकूंनी प्रत्येक नातेवाइकाची स्वतंत्र लेयर केली. तिला नाव दिलं. शिस्त अशी, की लेयरची यादी बघितली तरी घराण्याचा इतिहास कळावा: "मोठ्या वन्सं", "धाकट्या वन्सं", "मामा (बोलतात)", "मामा (बोलत नाहीत)". मग त्यांनी एक पत्रिका मोठ्या आत्याला वर घेऊन एक्सपोर्ट केली, एक धाकटीला वर घेऊन. एका मामाच्या पत्रिकेत दुसऱ्याचा डोळा मिटला, दुसऱ्याच्या पत्रिकेत पहिल्याचा. बारावीच्या मुलाला त्याच्या घरच्या पत्रिकेत निमंत्रक केलं आणि बाकीच्यांच्या पत्रिकांत किलबिलीत ठेवलं. व्याह्यांच्या पत्रिकेत फक्त नवरा-नवरी, मुहूर्त आणि भरपूर मोकळी जागा. ती बघून सरांचे डोळे पाणावले. प्रत्येकाला आपापली पत्रिका व्हॉट्सॲपवर गेली. प्रत्येकाने आपलं नाव योग्य जागी पाहिलं आणि प्रत्येकाचा उलट फोन आला: "इतकी समजूतदार पत्रिका आपल्या घराण्यात पहिल्यांदा निघाली." दादांनी हे ऐकलं आणि हातातला चहा खाली ठेवला. दर गिऱ्हाइकाच्या गल्लीत वेगळ्या क्रमाचा फ्लेक्स, ही कल्पना त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिलेली आम्हाला स्पष्ट दिसली.

पुढच्या तासाला काकू आल्या त्या फोन कानाला लावूनच. धाकट्या आत्याने कौतुकाच्या भरात आपली पत्रिका 'समस्त परिवार' ग्रुपवर टाकली होती. खालोखाल मोठ्या आत्याने आपली टाकली. मग एकेका मामाने. दुपारपर्यंत ग्रुपवर एकाच लग्नाच्या डझनभर पत्रिका जमल्या आणि त्यातली एक दुसरीसारखी नव्हती.

"मग हो?" आम्ही सगळे एकदम.

"सांगितलं," काकू शांतपणे म्हणाल्या, "की ही डिजिटल पत्रिका आहे. कागदाचं वेगळं असतं. ही ज्याच्या मोबाइलवरून जाते, त्याच्या सेटिंगप्रमाणे नावं वरखाली होतात."

"पण काकू," सर कळवळून म्हणाले, "जेपीजी असं करत नाही!"

"ते तुम्हाला माहीत आहे आणि तुमच्यामुळे मला. त्यांना कशाला सांगायचं?"

"आणि पटलं त्यांना?"

"धाकट्यांना लगेच पटलं. मोठ्या वन्सं थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, असं असेल तर माझ्या मोबाइलची सेटिंग आहे तीच बरोबर आहे. तिला कुणी हात लावू नका."